सतरा आणि अठराच्या मध्ये

पत्र

मी सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे. श्रावणात आमच्या वर्गातला एक मुलगा मण्यार चावून गेला. रात्री घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोट दुखतंय म्हणाला, आईने ओवा दिला. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता.

हजेरीत त्याचा नंबर सतरा. शाळा पुन्हा भरली त्या दिवशी मी सोळा म्हटलं आणि एकदम अठरा म्हटलं. अठरा नंबर बोललाच नाही. दोघं एकाच बाकावर बसायचे. आजही तो 'हजर' म्हणत नाही, नुसता हात वर करतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापक म्हणाले, नवी यादी करा, नंबर सलग करा. म्हणजे अठराचा सतरा होणार. ते ऐकून पोरगं रडायलाच लागलं, "मला तो नंबर नको."

शाळा व्यवस्थापन समितीतल्या लोकांना वर्गात हार घातलेला फोटो लावायचा आहे आणि त्याचा बाक कायमचा रिकामा ठेवायचा आहे. जानेवारीत स्नेहसंमेलन आहे. काहीजण म्हणतात या वर्षी रद्द करा, काहीजण म्हणतात त्यातच आई-वडिलांना स्टेजवर बोलावून श्रद्धांजली वाहू. त्याची आई रोज मधल्या सुट्टीत फाटकाशी येऊन उभी राहते. गावात तिच्याबद्दल कुजबुज चालते, "ओवा देत बसली." धाकटी बहीण आमच्याकडेच दुसरीत आहे. वर्गातली मुलं हल्ली दिसेल तो साप काठीने मारतात. आम्ही त्याची आठवण कशी ठेवायची?

ता. क. शेवटच्या दिवशी तो आणि अठरा नंबर भोवऱ्यावरून भांडत होते. मी भोवरा जप्त करून कपाटात टाकला आणि दोघांना उभं केलं. भोवरा अजून माझ्या कपाटात आहे. त्याची दोरी अठरा नंबरच्या दप्तरात आहे, मी पाहिली.

उत्तर

प्रिय बाई,

मुलं तुम्हाला मॅडम म्हणत असतील, पण मी ३१ वर्षं 'बाई' होते, माझ्या तोंडात तेच बसलंय. तुम्ही पत्रात त्या मुलाचं नाव लिहिलं होतं, ते मी इथे छापलेलं नाही. वर्गात मात्र ते नाव घ्या. पत्रात तुम्ही ते एकदाच लिहिलंत आणि पुढे सगळीकडे 'तो' आणि 'सतरा नंबर'. वर्गातही तसंच चाललं असणार. तुम्ही नाव टाळलंत की मुलंही टाळतात, आणि मग त्यांना वाटायला लागतं की ते नाव घेणं अशुभ आहे. अठरा नंबर 'मला तो नंबर नको' म्हणाला, त्यात थोडी ही भीतीही असेल.

आधी नंबराचंच बघू, कारण तुमच्या शाळेचं सगळं दुखणं मला त्या हजेरीपत्रकात दिसतंय. मुख्याध्यापकांवर रागावू नका. पटावरून नाव कमी करावंच लागतं, जनरल रजिस्टरला शेरा मारावा लागतो, खिचडीच्या तांदळाचा हिशेबही पटावर चालतो. त्यांना ते हाताने लिहावं लागलं असेल आणि लिहिताना सोपं गेलं नसेल. पण नाव कमी करणं वेगळं आणि नंबर सलग करणं वेगळं. वर्षाच्या मध्यात एखादं मूल दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेलं तर आपण पुढच्या सगळ्यांचे नंबर बदलत बसतो का? नाही ना? मग इथेच घाई कशाला? वर्षअखेरपर्यंत सतरा मोकळा राहू द्या. जूनमध्ये सातवीची नवी यादी होईल तेव्हा नंबर आपोआप बदलतील, सगळ्यांचेच बदलतील, आणि मग ते कोणा एकाच्या अंगावर येणार नाहीत. मुख्याध्यापकांना एवढंच सांगा.

आणि मुलांनाही हे उघड सांगा. "सतरा नंबर त्याचा होता, म्हणून या वर्षी तो कोणालाही द्यायचा नाही. सोळानंतर मी अठरा म्हणणार." तुम्ही आजवर गुपचूप उडी मारत आलात. सांगून मारलेली उडी मुलांना सोसते.

आता फोटो आणि बाक. समितीतली माणसं भल्या मनाने म्हणताहेत, तरीही माझं मत विरुद्ध आहे. वर्गात हार घातलेला फोटो लावला की त्याच्याखाली उदबत्ती येते, मग परीक्षेला जाताना मुलं पाया पडतात, आणि सहा महिन्यांत भोवऱ्यावरून भांडणारं ते पोरगं देव होऊन बसतं. बाईंनी उभं केलेला मुलगा देव कसा होईल, हे मुलांच्या डोक्यात बसत नाही. ती आपल्या खऱ्या आठवणी दाबून टाकतात, कारण त्या देवाला शोभत नाहीत. रिकाम्या बाकाचं तर विचारूच नका. त्या बाकाच्या अर्ध्या भागावर तुमचा अठरा नंबर चार महिने एकटा बसलाय. आपण ज्याला स्मारक म्हणतोय ते त्या पोराच्या मांडीला लागून आहे. सगळ्या वर्गाची बसायची व्यवस्था एकदम बदला. दुसऱ्या सत्रात तशीही बदलतात, कोणाला खटकणार नाही. बाक वर्गातच राहू द्या, त्यावर कोणीतरी बसू द्या.

फोटो लावायचाच असेल तर हाराशिवाय, आणि एकट्याचा नको. सहलीचा, लेझमीचा, वर्गाचा असा एखादा असेलच, ज्यात तो गर्दीत आहे आणि अर्धा चेहरा कोणाच्या तरी डोक्यामागे आहे. तो लावा.

झाड लावायची कल्पना अजून कोणी काढली नसेल तर लवकरच काढेल. त्यावर मला एक सांगायचंय, ते सांगायला आजही जड जातं. मी ज्या शाळेत होते तिथे एका वर्षी आठवीतली मुलगी आजारपणात गेली. आम्ही तिच्या नावाने बकुळ लावली. भाषणं झाली, वडिलांच्या हातून पाणी घातलं, फोटो काढले. एप्रिलअखेर शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही सगळे आपापल्या गावी गेलो. जूनमध्ये तिचे वडील धाकट्याचं नाव घालायला आले, तेव्हा आळ्यात नुसती काडी उभी होती. ते काही बोलले नाहीत. मीच बोलायला गेले, तर म्हणाले, "राहू द्या बाई." तेव्हापासून कोणी झाड म्हटलं की मी विचारते, मे महिन्यात पाणी कोण घालणार, त्या माणसाचं नाव सांगा. नाव मिळालं तर लावा. नाही मिळालं तर नको.

हीच कसोटी बाकीच्या गोष्टींनाही लावा. आपल्याकडे शाळेच्या पंख्यांच्या पात्यांवर, पाण्याच्या टाकीवर, स्टीलच्या कपाटावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं. मला त्याचं हसू येत नाही. पंखा निदान फिरतो, टाकीतलं पाणी मुलं पितात. पण अकरा वर्षांच्या मुलाच्या नावामागे कै. लागलेलं त्याच्या बहिणीने रोज वाचावं, हे मला बरं वाटत नाही.

मग करायचं काय? मुलांना विचारा. एक तास घ्या, शनिवारचा सकाळचा. फळ्यावर काही लिहू नका. "त्याची एखादी गोष्ट सांगा" एवढंच म्हणा. पहिली दोन-तीन मुलं 'तो खूप हुशार होता, सर्वांशी प्रेमाने वागत असे' असं निबंधातलं सांगतील, कारण त्यांना वाटतं बाईंना हेच हवंय. तुम्ही स्वतःच मग एक खरी गोष्ट सांगा, त्याच्या खोडीची. मग बघा. डबा कोणाचा खाल्ला, गृहपाठ कोणाचा उतरवला, विहिरीवर कोणाला ढकललं, सगळं निघेल. मुलं हसतील. हसू द्या. एखादं हसता हसता रडेल, एखादं तास संपताच कबड्डीला पळेल. मुलांचं दुःख आपल्यासारखं सलग नसतं, वळवाच्या पावसासारखं असतं. येतं, झोडपतं, थांबतं, ऊन पडतं, पुन्हा येतं. पळणाऱ्याला दुःख नाही असं समजू नका आणि दोन मिनिटांच्या शांततेत खुसखुसणाऱ्याला तर मुळीच रागावू नका. पहिली-दुसरीच्या पोरांना दोन मिनिटं म्हणजे अर्धा तास वाटतो.

त्या गोष्टी एका दोनशेपानी वहीत ज्याच्या-त्याच्या अक्षरात उतरवून घ्या. शुद्धलेखन तपासू नका. हे मी शिक्षिकेला सांगतेय, म्हणून दोनदा सांगते: तपासू नका. वही कोणासाठी ते पुढे येतंच.

दुसरीतल्या बहिणीबद्दल. तिला शाळेत सगळे जवळ घेत असतील, डोक्यावरून हात फिरवत असतील. चार महिने झाले, आता ते कमी करा. तिच्या बाईंना सांगा की तिची चूक झाली तर इतरांसारखंच तिला सांगायचं. त्या वयाच्या मुलांना मेलेला माणूस परत येत नाही हे कळायला लागलेलं असतं, पण पक्कं नसतं. म्हणून 'देवाघरी गेला', 'झोपेतच गेला' असले शब्द टाळायला हवेत. देवाघरून सुट्टीत येता येईल असं तिला वाटू शकतं, आणि झोपेत माणूस जातो म्हटल्यावर ती रात्री डोळे मिटणार नाही. तिने विचारलं तर सरळ सांगा. दादा मेला, त्याच्या अंगात विष गेलं होतं, त्याचं शरीर थांबलं, आता त्याला काही दुखत नाही, तो परत येणार नाही. शब्द कठोर वाटतात, पण मुलांना गोल-गोल बोलण्याचीच जास्त भीती वाटते.

आता साप. मुलं काठ्या घेऊन हिंडताहेत त्यात सूड आहे, भीती आहे, आणि मित्रासाठी काहीतरी केलं पाहिजे ही धडपडही आहे. ती धडपड मोडू नका, वळवा. बहुतेक वेळा ती मारताहेत ती धामण, शेतकऱ्याचे उंदीर खाणारी. नाहीतर कवड्या, ज्याला भले भले लोक मण्यार समजून ठेचतात. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेशी नसतात, थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. तुमच्या भागात चांगले सर्पमित्र आहेत आणि ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहेत. दोघांना एकत्र शाळेत बोलवा, आणि मुलांसाठीच नव्हे, गावासाठी बोलवा. संध्याकाळी बोलवा म्हणजे बायका येतील.

हे मी का म्हणते, तर ओव्यासाठी. बाई, तुमच्या पत्रातलं ते वाक्य वाचून मी उठून पाणी प्यायले. मण्यार रात्री हिंडते, उंदरा-सरड्यांच्या मागे घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचे दात इतके बारीक असतात की चावल्याचं अनेकदा कळतच नाही, झोपही मोडत नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. मग पापण्या पडतात, घशाखाली काही उतरत नाही, श्वास अडकतो. पोटदुखीला ओवा देणाऱ्या आईने काय चूक केली? त्या पहाटे त्या गावातल्या शंभरपैकी शंभर आयांनी ओवाच दिला असता. मी तरी दिला असता. हे वाक्य गावासमोर डॉक्टरांच्या तोंडून यायला हवं. तुमच्या-माझ्या तोंडून आलं तर ती समजूत ठरते, डॉक्टरांनी सांगितलं की ती माहिती होते, आणि कुजबूज बंद करायला माहितीच लागते.

डॉक्टर पुढचंही सांगतीलच. पावसाळ्यात पहाटे अचानक पोट दुखून पापण्या जड झाल्या तर साप दिसलेला नसला तरी सर्पदंश धरायचा. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, देवळात न्यायचं नाही. अंग हलू न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं, म्हणून साप पकडून नेण्यात वेळ घालवायचा नाही. आणि खाटेवर झोपायचं. खाट नसेल तर मच्छरदाणी, तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचून. त्या घरासारखी असंख्य घरं आहेत हेही सांगू द्या. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने गेलेल्यांचा संशोधकांनी काढलेला अंदाज सुमारे १२ लाखांचा आहे. एकट्या त्या आईवर आलेली ही गोष्ट नाही.

पण दोन अटी. आधी आई-वडिलांना विचारा. ते 'आत्ता नको' म्हणाले तर पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, जूनमध्ये करा. आणि त्याचा फोटो व सापाचा फोटो एकाच फलकावर कधीही छापू नका. तसं करणारे भेटतील. त्यांना अडवा.

स्नेहसंमेलन करा. रद्द केलंत तर मुलांना कळेल की त्याच्यामुळे आपलं संमेलन गेलं, आणि कोणीतरी ते बोलून दाखवेल, कदाचित बहिणीलाच. मुख्याध्यापकांनी सुरुवातीला त्याचं नाव घेऊन चार वाक्यं बोलावीत, मग लेझीम सुरू करावी. आई-वडिलांना स्टेजवर बोलावू नका. शाल-श्रीफळ तर मुळीच नको. आपल्याला कोणी समोर दिसलं की शाल-श्रीफळ द्यायची खोडच आहे, पण गेलेल्या मुलाची आई त्या नारळाचं काय करणार? तिला यायचं असेल तर इतर आयांच्या रांगेत मध्यभागी जागा धरून ठेवा. मध्येच उठून गेली तर कोणीतरी बरोबर जा, मागे बोलावू नका.

जाता जाता एक कोरडी गोष्ट, कारण तुमच्या शाळेत ती कोणी केली असेलच याची मला खात्री नाही. विद्यार्थ्याच्या अपघाती मृत्यूसाठी सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. घरी सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजनाही आहे, तिच्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जावं लागतं. कोणती लागू होते, मुदतीचं काय, हे मुख्याध्यापकांनी शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारावं. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला हे कागद गोळा करायला त्या बापाला एकट्याला पाठवू नका. समितीतल्या ज्यांना फोटो लावायची हौस आहे त्यांना पाठवा.

आणि आता अठरा नंबर. तुम्ही त्याच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलंय आणि पत्र त्याच्याबद्दलच आहे असं मला वाटतं. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते ओळखणं अवघड नाही. आपण भांडलो आणि तो मेला. या वयाची मुलं ही दोन वाक्यं सहज जोडतात आणि कोणाला सांगत नाहीत. त्याला वर्गासमोर काही विचारू नका. डबा खाताना, ओट्यावर, बाजूला बसून तुम्हीच सांगा: "त्या दिवशी मी पण त्याच्यावर रागावले होते. मला पण ते आठवतं. पण रागावल्याने किंवा भांडल्याने कोणी मरत नाही. साप चावला म्हणून तो गेला." उत्तराची वाट बघू नका. आठवड्याने पुन्हा सांगा. हजेरीला हात वर करतोय ना, चालेल. हातही हजरच आहे. पण तो जेवत नसेल, रात्री दचकून उठत असेल, शाळेला यायचंच टाळत असेल, तर त्याच्या आईशी बोलून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्यासाठीही आहे तो.

भोवरा परत करा. कपाटात ठेवून तुम्ही रोज त्या कुलपाला भेटताय. फाटकाशी उभी राहणारी ती आई तरी दुसरं काय शोधायला येतेय? घरातल्या सगळ्या आठवणी तिच्या पाठ झाल्यात. तिला माहीत नसलेला असा तो फक्त शाळेत उरलाय. तिला फाटकाबाहेर उभी ठेवू नका, पण रोज वर्गातही नको. एका रविवारी तुम्ही तिच्या घरी जा. मुलांची ती वही न्या, त्याच्या वह्या शाळेत राहिल्या असतील तर त्या न्या, आणि भोवरा न्या. खरं सांगा, भोवऱ्यावरून भांडत होता, मी जप्त केला, उभं केलं. माफी मागत बसू नका, नाहीतर तिलाच तुमची समजूत घालावी लागेल. नुसतं कसा भांडत होता ते सांगा. मला वाटतं ती हसेल.

जाण्याआधी अठरा नंबरला विचारा, येतोस का. नाही म्हणाला तर नाही. आला तर दोरी त्यालाच देऊ द्या, तुम्ही मागू नका. आणि तिने भोवरा-दोरी दोन्ही त्याच्याच हातात ठेवलं, तर नको-नको करू नका. वर्गात फिरवताना दिसला तर मात्र पुन्हा जप्त करा.

तुमची,
एक निवृत्त बाई